मालवणातल्या चेडवाचं पहिलं पिस्तूल आणि १८७८चा कायदा

गेल्या रविवारी संध्याकाळी शेजारचे आबा आमच्या खळ्यात येऊन बसले. चहा झाला, यंदाच्या नारळांचं रडगाणं झालं, आणि मग सहज मासळीचा भाव विचारावा तसं म्हणाले, "रे, माझ्या नातीक पिस्तूल व्हया. खयचा घेवचा ता सांग."

मी कप खाली ठेवला. नात चौदा वर्षांची. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूलमध्ये दोन ब्राँझ घेतली, एक एकटीने आणि एक सरबज्योत सिंगबरोबर. तेव्हापासून ही पोर मोबाईलवर नेमबाजीशिवाय दुसरं काही बघत नाही. आबांकडे बापाच्या वेळेपासूनची ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, त्यामुळे 'हत्यार' म्हटल्यावर ते दचकत नाहीत. शिवाय टेक्सासमधल्या भाच्याने फोनवर सांगितलेलं, शिकायला सगळ्यात बरं ते पॉइंट टू टू, धक्का कमी, गोळी स्वस्त. आबांचा प्रश्न सरळ होता. "थंय लोक दुकानात जावन घेतत, मगे आमका कित्याक नाय?"

भाच्याचं खोटं नाही. पण त्याचं उत्तर त्याच्या गावचं आहे. आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न दीडशे वर्षं मागे जाऊन सोडवावा लागतो. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत मी आबांना जे सांगितलं, ते इथे लिहितोय, कारण हाच प्रश्न आणखीही पालकांना पडलेला दिसतो.

आपला हा मुलूख हत्यारांना अनोळखी कधीच नव्हता. समोर सिंधुदुर्ग उभा आहे, १६६४ ते १६६७ मध्ये बांधलेला. १८१२ मध्ये मालवण इंग्रजांकडे गेलं. शेजारच्या सावंतवाडी संस्थानात १८४४-४५ मध्ये मोठं बंड झालं, फोंड सावंतांसारखे लोक इंग्रजांशी लढले, दबाव वाढला तेव्हा गोव्याच्या हद्दीत शिरले. मग १८५७ झालं. इतकं सगळं बघितलेल्या सरकारला रयतेच्या घरातली बंदूक खुपणारच. लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ मध्ये शस्त्र कायदा आला. त्याच वर्षी देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही आला होता. वृत्तपत्रांचा कायदा रिपनने काही वर्षांत मागे घेतला. शस्त्रांचा मात्र राहिला. हिंदी माणसाला परवाना लागणार, युरोपियनाला सूट. एकाच गावात एकाच्या हातात पिस्तूल म्हणजे साहेबी छंद आणि दुसऱ्याच्या हातात तेच पिस्तूल म्हणजे गुन्हा.

हा अपमान लोकांच्या किती जिव्हारी लागला होता ते एका गोष्टीवरून कळतं. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचं पत्रक काढताना खुद्द गांधीजींनी या कायद्याला इंग्रजांच्या सगळ्यात काळ्या कृत्यांत बसवलं. अहिंसेचा माणूस! १९३१च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावातही नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. पण डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामतांनी हाच हक्क घटनेत घालावा म्हटलं तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. प्रत्येकाने बाजारात जाऊन हवं ते हत्यार बिनदिक्कत विकत घ्यायचं ठरवलं तर राज्य चालवायचं कसं, असा त्यांचा रोख होता. मला विचाराल तर मी बाबासाहेबांच्या बाजूचा. फाळणीचं रक्त तेव्हा सुकलंही नव्हतं. दुसरीकडे अमेरिकेत हा हक्क घटनादुरुस्तीने १७९१ पासून कोरलेला आहे. भाच्याचं दुकान तिथून येतं, आपला परवाना इथून येतो.

पुढे १९५९चा शस्त्र कायदा झाला, १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला, तोच अजून चालू आहे. वंशाचा भेद गेला, परवाना राहिला. कोकणातल्या शेतकऱ्याच्या वाट्याला आली ती शेतीसंरक्षणाची लांब नळीची बंदूक. गज घालून दारू ठासायची, माकडं आणि डुक्कर हाकलायला बार काढायचा, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची. या बंदुकीची माहिती आपल्याकडे घरोघर मुरलेली आहे. पिस्तूल मात्र आपल्या पडवीत कधी आलंच नाही. ते आलं सिनेमातून आणि फौजदाराच्या कमरेवरून. म्हणून एकापेक्षा एक जुने बंदूकवाले असलेल्या वाडीत पिस्तूल कुठलं घ्यावं हे सांगणारा एकही भेटत नाही.

आता गंमत बघा. याच कोकणातल्या एका घराण्याचं नाव आज भारतातल्या नेमबाजीच्या दारावर लिहिलेलं आहे. गणेश वासुदेव मावळंकर. मूळ गाव संगमेश्वरातलं मावळंगे, सुरुवातीचं शिक्षण राजापुरात, मग १९०२ मध्ये अहमदाबादला. वकील, गांधीजींच्या चळवळीत तुरुंगात गेलेले, लोकसभेचे पहिले सभापती. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष हेच. १८७८च्या कायद्याने ज्यांना हत्याराला हात लावायची बंदी होती त्यांच्यातलाच एक सत्याग्रही स्वतंत्र देशात नेमबाजीच्या संस्थेच्या डोक्यावर बसला. आजही नव्या नेमबाजांना राष्ट्रीय स्पर्धेकडे नेणारी अखिल भारतीय स्पर्धा त्यांच्याच नावाने भरते. आबांना हे माहीतच नव्हतं. मावळंकर म्हटल्यावर एकदम सावरून बसले. आपल्याकडचा माणूस निघाला की आम्हाला विषय पटायला लागतो, त्याला काय करणार!

मग पॉइंट टू टू का नको?

मुळात ते काडतूस वाईट नाही. ०.२२ इंच म्हणजे ५.६ मिलिमीटर, १८८७ पासून चालत आलेलं, जगभर लाखो माणसं त्याच्यावर शिकली. शिकाऊ माणसाचा खरा शत्रू धक्का नसतो, धक्क्याची भीती असते. कॉलेजात एनसीसीमध्ये मी पहिल्यांदा टू टूची रायफल झाडली तेव्हा दोन्ही डोळे मिटले होते, पाचातली एकही गोळी कागदाला लागली नाही. आवाज होणार हे माहीत असलं की बोट चाप ओढायच्या आधीच मनगट खाली झुकतं, आणि ही सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही. लहान काडतुसाने ही भीती कमी होते. हवेच्या पिस्तुलात ती जवळजवळ नसतेच.

आणि कायद्याच्या बाजूने बघा. टू टू पिस्तुलाला परवाना लागतो, त्यासाठी सर्वसाधारणपणे वय २१ पूर्ण लागतं. काडतुसं मोजून, नोंदवून मिळतात. झाडायचं ते फक्त मान्यताप्राप्त रेंजवर. चौदा वर्षांच्या मुलीसाठी हे दार सहजी उघडत नाही, आणि आबांनी स्वतःच्या नावावर पिस्तूल घेऊन नातीच्या हाती द्यायचा विचारही करू नये. तो सरळ गुन्हा होईल. याउलट ४.५ मिलिमीटरचं, २० ज्यूलच्या आतलं हवेचं हत्यार २०१६च्या नियमांनुसार परवान्याशिवाय घेता येतं. स्पर्धेचं एअर पिस्तूल जेमतेम पाच-सहा ज्यूलचं असतं. पावती मात्र जपून ठेवायची, आणि एसटीतून नेताना पेटीत बंद करून न्यायचं. बसमध्ये कुणी ते बाहेर काढलं तर आजूबाजूची माणसं ज्यूल मोजत बसणार नाहीत.

परवाना नाही म्हणजे खेळणं आहे असंही नाही. डोळा जातो. आणि कावळ्या-माकडांवर तर मुळीच नाही. ते पिस्तूल कागदासाठी आहे.

आबांना वाटलं मी त्यांना कमअस्सल काहीतरी गळ्यात बांधतोय. तसं नाही. एअर पिस्तूल १९८८ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. अंतर १० मीटर, दहा गुणांचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. एक हात लांब करून, उभ्याने, ६० गोळ्या, ७५ मिनिटांत. मनूची दोन्ही पदकं याच पिस्तुलाची. आणि १० मीटर म्हणजे केवढं? शाळेच्या सभागृहात बसतं. ५० मीटरचं फ्री पिस्तूल टोकियोपासून ऑलिम्पिकमधून गेलंच. मोठ्या रेंज नसलेल्या आपल्यासारख्या जिल्ह्याला हा खेळ एका सभागृहाच्या लांबीत आणता येतो, हे शाळांच्या संचालक मंडळांनी आणि लोकप्रतिनिधींनी कधी मनावर घेतलेलं मी तरी पाहिलं नाही. जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीपलीकडे मुलांनी काही पाहिलेलं नसतं.

आता घ्यायचं कसं. पहिली गोष्ट, लगेच घ्यायचंच नाही. तीन-चार महिने क्लबच्या पिस्तुलावर शिकायचं. फोंडा घाट चढून गेलं की राधानगरी तालुका लागतो. पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ घेणारा स्वप्नील कुसाळे तिथल्याच कांबळवाडीचा. पुढे कोल्हापूर, तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबतचं गाव. दुधाळीची रेंज तिथेच. सुट्टीत मुलीला तिथे घेऊन जा, प्रशिक्षकाला हात दाखवा.

'हात दाखवा' हे मी शब्दशः म्हणतोय. पहिल्या पिस्तुलात कंपनीचं नाव शेवटी बघायचं, आधी मूठ. लाकडी मुठी लहान, मध्यम, मोठ्या मापात येतात, उजव्या-डाव्या वेगळ्या. मूठ धरून डोळे मिटायचे, हात वर करायचा, डोळे उघडायचे. पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली तर मूठ जमली. प्रत्येक वेळी मनगट वाकवून ती जुळवावी लागत असेल तर ते पिस्तूल कितीही महाग असो, तिचं नाही. मग वजन. नियमाने दीड किलोपर्यंत चालतं, पण चौदा वर्षांच्या मुलीला किलोच्या आसपासचंच बरं. नाहीतर विसाव्या गोळीला खांदा बोलायला लागतो. चापाला स्पर्धेत किमान ५०० ग्रॅम ताण लागतो. तो नियमाप्रमाणे लावून घ्यावा, 'हलका छान' म्हणून कमी ठेवू नये. स्पर्धेत तपासतात.

हवा भरायच्या पद्धतीवर मात्र मालवणकरांनी थोडं थांबावं. स्प्रिंगचं पिस्तूल स्वस्त, सोपं, पण सुटताना आतून हिसका देतं. कार्बन डायऑक्साईडचं आपल्या उकाड्यात दाबाला खालीवर होतं. स्पर्धेची पिस्तुलं आज दाबलेल्या हवेवर चालतात, २०० बारपर्यंत. इतका दाब कुठून आणायचा हा प्रश्न देशातल्या बाकी गावांना पडतो. आपल्याकडे तारकर्ली-मालवणात स्कुबाच्या टाक्या रोज भरल्या जातात! योग्य जोडणी वापरली तर त्याच टाकीतून पिस्तुलाचं सिलिंडर भरता येतं. हवा कोरडी आणि गाळलेली हवी, आणि ऑक्सिजन कधीही नाही, स्फोट होतो. जुनं पिस्तूल घेत असाल तर सिलिंडरवरची तारीख आधी वाचा, सहसा १० वर्षांची मुदत असते. बाकी खारी हवा आहेच. पुसून, तेलाचा हलका हात फिरवून पेटीत ठेवायचं. छर्रे शिशाचे असतात, सराव झाला की हात साबणाने धुऊन मगच जेवायला बसायचं.

नवं चांगलं पिस्तूल लाखाच्या पुढे जातं. हे ऐकल्यावर आबा एवढंच म्हणाले, "म्हणजे माझ्या बंदुकेपेक्षा ह्या म्हाग?"

टू टूचा दिवस पुढे येईल. राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण घेतलं, आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय महिला, आणि ते पिस्तूल टू टूचंच. चापाचा ताण तिथे किमान एक किलो. हात तयार झाला की तिथे जाता येतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, खेळाडूंना सवलत आहे. ते तेव्हाचं तेव्हा बघू.

नात इतका वेळ कुंपणापाशी उभी राहून ऐकत होती. मी तिला आत बोलावलं, पाण्याने भरलेली लिटरची बाटली हातात दिली. एक लिटर म्हणजे एक किलो. हात सरळ पुढे, दुसरा खिशात, समोर माडावर बांधलेल्या दोरीच्या गाठीकडे बघायचं. आबा खिशातला मोबाईल काढून सेकंद मोजायला लागले. पस्तीसला हात थरथरला.

"खाली सोडू नको गो," आबा म्हणाले, "मिनिटभर तरी धर."