धातूचा उंबरठा

आईन्स्टाईन यांना नोबेल पारितोषिक सापेक्षतावादाबद्दल मिळाले, असा समज आमच्या वाचकांतही सर्रास आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे.

इ. स. १८८७ मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूए येथे हाइन्रिख हर्ट्झ विद्युत्-लहरींचा शोध घेत होते. एका मोठ्या ठिणगीमुळे दूरच्या तारेत उमटणारी लहान ठिणगी नीट दिसावी, म्हणून त्यांनी ती पेटीत झाकली. तो ती आखूडच झाली! दोहोंमध्ये काच धरली तरी तेच. गारेचा स्फटिक धरला तर मात्र ठिणगी पूर्ववत. काच जंबुपार, म्हणजे डोळ्यांस न दिसणारे, किरण अडविते. तेव्हा हे कार्य त्या किरणांचेच. हर्ट्झ यांनी निरीक्षण प्रसिद्ध केले, कारण सांगण्याचा आव आणला नाही.

पुढे बॉन येथे त्यांचे साहाय्यक झालेले फिलिप लेनार्ड यांनी १९०२ साली दाखविले की, प्रकाश प्रखर केल्यास धातूतून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते, वेग वाढत नाही. प्रकाश केवळ लहर असता तर असे घडते ना. १९०५ साली बर्नच्या पेटंट कचेरीतील २६ वर्षांच्या आईन्स्टाईन यांनी लेनार्ड यांच्या कार्याचा गौरवाने उल्लेख करून उलगडा केला: प्रकाशाची ऊर्जा पुडक्यांनी येते आणि पुडक्याचे मोल कंप्रतेवर, म्हणजे दर सेकंदाच्या कंपनांवर, ठरते. प्रत्येक धातूस जणू स्वतःचा उंबरठा असतो. सोडियमचा ठेंगणा, त्यास निळा प्रकाश पुरतो. जस्ताचा उंच, त्यास जंबुपार किरणच हवेत. साध्या दिव्याचा तांबडा प्रकाश दिवसभर ओतला तरी दोहोंतून काही निघत नाही.

शिकागोच्या रॉबर्ट मिलिकन यांना हे पटेना. हवेने मळलेला पृष्ठभाग फसवितो, म्हणून त्यांनी निर्वात नळीच्या आतच धातू सुरीने तासले. वर्षानुवर्षांच्या खटपटीअंती, १९१६ साली, सूत्र खरे ठरले. त्यामागील कल्पना मात्र त्यांनी तेव्हाही मानली नाही. न पटणाऱ्या मताच्या बाजूने पुरावा छापणारा असा प्रतिपक्षी विरळा.

१९२१ सालचे राखून ठेवलेले पारितोषिक नोव्हेंबर १९२२ मध्ये जाहीर झाले, ते विशेषतः या नियमाबद्दल. १९०५ चे मानकरी लेनार्ड यांनी त्यास हरकत घेतली. पुढे ते नाझींचे कट्टर समर्थक झाले आणि १९३६ पासून ‘जर्मन भौतिकशास्त्र’ हा चार खंडांचा ग्रंथ काढून यहुदी शास्त्रज्ञांचे विज्ञान त्यांनी परके ठरविले. त्यांचे गुरू हर्ट्झ यांचे पितृकुल मूळचे यहुदी होते. आणि ज्या नियमाच्या सन्मानास त्यांचा विरोध होता, त्याच्या पायाशी त्यांचीच १९०२ ची मापने होती.