गाडीची धाव

१ जून १९४८ रोजी पुणे–नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. तोवर आमच्याकडं बाजार, वऱ्हाड, बाळंतीण, सगळं बैलगाडीनंच जायचं. पुढं एसटी गावात आली अन् आमची गाडी गोठ्यामागं पडली.

दोन वर्षांमागं मी ती दुरुस्तीला काढली. सुतारानं बाभळीचे नवे आरे बसवले. अडलं ते धावेपाशी. ही लोखंडी धाव चाकापेक्षा जराशी लहान ठेवतात, गोवऱ्यांच्या जाळात तापवून चढवतात अन् लगेच पाणी ओततात. थंड होताना ती आकसते, सांधे गच्च आवळतात. पण लहान ठेवायची किती? ते एका म्हाताऱ्या लोहारालाच ठाऊक. त्यानं दोरी फिरवून माप दाखवलं, नातवानं वहीत उतरवलं.

गेल्या पावसाळ्यात लोहार वारला. गाडी मोडली तर पुन्हा उभी करता येईल. वही तेवढी जपायला हवी.