पुनश्च हरिः ओम: एक मथळा, दोन संपादक

माझ्या लॅपटॉपवर 'नोंदी' नावाचं एक फोल्डर आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुरू केलं होतं. इतिहासातलं काही वाचलं की त्यात टाकायचं, जमलं तर दोन पानं स्वतःची लिहायची, असा नेम. त्यातली शेवटची फाइल नोव्हेंबर २०२१ ची आहे. गेल्या महिन्यात ती उघडली आणि पहिली ओळ लिहिली, "बरेच दिवस काही लिहिणं झालं नाही." लगेच खोडली. कारण ती ओळ खरी असली तरी तिच्यात 'झालं नाही' हे जे आहे ना, ते खोटं होतं. जणू पाऊस झाला नाही तसं लिहिणं झालं नाही.

मग प्रश्न पडला की ज्यांनी खरोखर मोठ्या खंडानंतर लेखणी उचलली, त्यांनी पहिल्या दिवशी काय लिहिलं?

मराठीत यासाठी एक तयार शब्दप्रयोगच आहे. जून २०२० आठवतो? लॉकडाऊन शिथिल करताना राज्य सरकारने त्याला 'पुनश्च हरिओम' म्हटलं होतं. मी तेव्हा कल्याणच्या घरी डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडून बसलो होतो आणि मला वाटलं, हे कुठल्या तरी आरतीतलं असणार. वेदपठणाची सुरुवात 'हरिः ओम' म्हणून करतात, म्हणून पुनश्च हरिः ओम म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरू. पण मराठी माणसाच्या तोंडी ते बसलं एका अग्रलेखामुळे. तारीख ४ जुलै १८९९. वर्तमानपत्र 'केसरी'. लेखक बाळ गंगाधर टिळक.

ही गोष्ट शाळेत आपण अर्धीच शिकतो. १८९७ साली पुण्यात प्लेग होता, प्लेग कमिशनर रँडवर २२ जूनला गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुढच्या महिन्यात टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडलं. खटला होता 'केसरी'तल्या लिखाणावर. शिक्षा दीड वर्षांची सक्तमजुरी. वर्षभरानंतर, सप्टेंबर १८९८ मध्ये, ते सुटले. शाळेतली गोष्ट इथे संपते. पण सुटका आणि अग्रलेख यांच्यामध्ये दहा महिने आहेत! तुरुंगाने तब्येत पार खालावली होती, सिंहगडावर विश्रांती झाली, डिसेंबरात मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाला ते जाऊन आले, पण 'केसरी'ची सूत्रं लगेच हातात घेतली नाहीत. मला हे दहा महिने फार आवडतात. टिळकांनाही थेट दुसऱ्या दिवशी सुरू करता आलं नाही, हे कळल्यावर जरा बरं वाटतं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. टिळक नव्हते तेव्हाही 'केसरी' निघतच होता. छापखाना होता, वर्गणीदार होते, सांभाळणारे सहकारी होते. संपादक परत आला तेव्हा त्याची खुर्ची तिथेच होती.

आता दुसरा अग्रलेख. मथळा तोच, 'पुनश्च हरिः ओम'. तारीख ३ एप्रिल १९२७. पाक्षिक 'बहिष्कृत भारत', अंक पहिला. संपादक भीमराव रामजी आंबेडकर.

पप्पांनी फार वर्षांपूर्वी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरच्या स्टॉलवरून एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. राज्य सरकारने १९९० मध्ये काढलेला, 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक'चे अंक एकत्र छापलेला खंड, संपादक वसंत मून. आमच्याकडे तो टीव्हीच्या कपाटात वरच्या फळीवर असायचा. मी तो ऐरोलीच्या ऑफिसला जाताना लोकलमध्ये वाचायचा प्रयत्न केला. उभ्याने वाचण्याचं पुस्तक नाही ते. हात भरून येतो.

पहिलाच लेख परत येण्याचा, आणि त्यात मागचा हिशेब आहे. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला सुरू झालं होतं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पण संपादक म्हणून नाव होतं पांडुरंग नंदराम भटकर यांचं. बाबासाहेब तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात, म्हणजे सरकारी नोकरीत, प्राध्यापक होते. त्यामुळे अग्रलेख त्यांचे, नाव दुसऱ्याचं. जुलै १९२० मध्ये अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला ते लंडनला गेले. पुढे ज्ञानदेव घोलप संपादक झाले, पण पाक्षिक काही तगलं नाही. १९२३ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेब बॅरिस्टर होऊन परतले, तोवर 'मूकनायक' संपलेलं होतं.

म्हणजे त्यांच्यासाठी खुर्ची राखून ठेवलेली नव्हती. वाचकवर्ग पुन्हा जमवायचा, पैसा पुन्हा उभा करायचा, आणि वाचक कोण, तर ज्यांच्यातल्या बहुतेकांना शाळेच्या आतही बसू दिलेलं नाही असे. शिवाय 'मूकनायक'च्या जन्माची आठवण अशी की त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापायला नकार दिला होता. बाबासाहेबांनी हे 'बहिष्कृत भारत'मध्येच नोंदवून ठेवलं आहे. टिळक तेव्हा हयात होते. त्याच 'केसरी'च्या एका गाजलेल्या अग्रलेखाचा मथळा सात वर्षांनी बाबासाहेब आपल्या पहिल्या पानावर ठेवतात. मुद्दाम? तोवर तो शब्दप्रयोग सर्रास झाला असेल, सहज आला असेल, असंही म्हणता येईल. मला तसं वाटत नाही. वेदपठणाचा अधिकार ज्यांना कधीच नव्हता, त्यांच्या पत्राच्या माथ्यावर 'हरिः ओम', आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृतीचं दहन. एवढं नेमकं सहज जुळत नाही.

बरं, मधली चार वर्षं हे गृहस्थ रिकामे बसले होते का? वकिली सुरू केली, जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, १९२७ च्या सुरुवातीला मुंबई कायदेमंडळात गेले. लिहिण्याचा खंड म्हणजे कामाचा खंड नव्हता. आणि मग मार्च १९२७, महाड. चवदार तळ्याचं पाणी प्यायले, परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळं पंचगव्याने 'शुद्ध' करण्यात आलं. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत कोण काय छापेल, याचा अनुभव आधीचा होताच. आपलं म्हणणं आपल्याच पत्रात यायला हवं. तळ्याच्या दिवसापासून चौदाव्या दिवशी पहिला अंक बाहेर. या वेळी संपादक म्हणून नाव स्वतःचं.

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. ठाण्याला गाडी बदलायची होती हे एक, आणि दुसरं कारण सांगतो.

२०२१ च्या दिवाळीत एका लहानशा दिवाळी अंकात माझा लेख आला होता. महाडवरच. पूर्ण नाव, आडनावासकट. मी अंकाचा फोटो स्टेटसला ठेवला होता. तेव्हा ज्या कंपनीत होतो तिथले एक सीनियर चहाला घेऊन गेले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "लिहितोस छान रे. पण असलं कशाला? उद्या ऑनसाइटला नाव पाठवायचं झालं तर लोक बघतात." धमकी नव्हती. उलट काळजीच होती, म्हणून तर जास्त लागलं. मी हसून 'हो सर' म्हणालो. स्टेटस काढलं. पप्पांनी दोन-तीनदा विचारलं, "पुढचं कधी लिहितोयस?" त्यांना सांगितलं की रिलीज आहे, वेळ मिळत नाही. चार वर्षं तेच सांगत आलो.

बाबासाहेबांनीही १९२० मध्ये नोकरीपायी नाव मागे ठेवलं होतं, हे वाचून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण नाव नसतानाही त्यांनी लिहिणं सोडलं नव्हतं. मी नाव आणि लिखाण दोन्ही एकदमच काढून घेतलं.

'बहिष्कृत भारत'ही फार वर्षं चाललं नाही. वर्गणी वेळेवर येत नसे. मदतीला माणसं नाहीत, चोवीस-चोवीस रकाने एकट्याने भरून काढावे लागतात, असं त्यांनी वाचकांना उघड लिहून सांगितलं. दिवसा कोर्ट, कॉलेज, सभा, आणि रात्री हे. १५ नोव्हेंबर १९२९ ला तेही बंद पडलं. २४ नोव्हेंबर १९३० ला 'जनता' सुरू झालं, आणि ४ फेब्रुवारी १९५६ ला त्याचंच 'प्रबुद्ध भारत' झालं. बंद पडणं आणि पुन्हा काढणं हे त्या आयुष्यात इतक्यांदा आहे की कुठल्या खंडाला खंड म्हणायचं तेच कळत नाही.

परवा रात्री जेवणं झाल्यावर पप्पांना दिवाळी अंकाचं खरं काय ते सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आडनाव वाचलं म्हणूनच म्हणाला असेल ना तो?" मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मग आत जाऊन नोव्हेंबर २०२१ ची ती फाइल उघडली. महाडवरचीच अर्धवट नोंद होती. त्यात लोक तळ्यावर गेले ती तारीख मी १९ मार्च लिहिली होती. १९ ला परिषद सुरू झाली, तळ्यावर गेले ते २० ला. छापलेल्या लेखातही हीच चूक गेली असणार. अंक शोधून बघितला, गेली होती. नोंदीतली तारीख दुरुस्त केली आणि दिवाळी अंकाच्या संपादकांना चूक कळवणारी मेल लिहायला घेतली.