पावडर मेटलर्जी म्हणजे काय? भुकटीपासून बनलेला धातू किती मजबूत असतो?

तुमच्या फोनमध्ये धातूचे असे काही भाग आहेत जे साच्यात ओतून बनवलेले नाहीत. स्पीकरमधलं छोटं चुंबक धातूची भुकटी दाबून आणि भट्टीत भाजून तयार होतं. अनेक फोनचा सिम ट्रे, फोल्डेबल फोनच्या बिजागरीतले बारीक भाग, यांचीही सुरुवात भुकटीपासून होते. या पद्धतीला पावडर मेटलर्जी म्हणतात.

मी आज सॉफ्टवेअरमध्ये काम करते, पण डिग्री मेकॅनिकलची. हा विषय मला खरा समजला तो एका तुटलेल्या गिअरमुळे. तिसऱ्या वर्षी आम्ही स्पर्धेसाठी रोबोट बनवला होता. आदल्या रात्री टेस्टिंग करताना तो भिंतीला धडकला आणि गिअरचे तीन दात उडाले. स्पर्धा हुकली. दुकानदाराने हलकं लोखंड गळ्यात मारलं, असं आम्ही धरूनच चाललो होतो. परत आल्यावर सरांनी तो तुकडा घासून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली ठेवला. चकचकीत पृष्ठभागावर सगळीकडे काळे ठिपके! सर म्हणाले, "लोखंड चांगलंच आहे. ही भोकं बघा."

भुकटीपासून भाग कसा बनतो?

१. भुकटी: वितळलेल्या धातूच्या धारेवर पाण्याचा किंवा वायूचा जोरदार फवारा मारतात. पाण्याने वेडेवाकडे कण मिळतात, ते दाबल्यावर एकमेकांत नीट अडकतात. वायूने गोल कण मिळतात, ते सहज वाहतात.

२. दाबणे: भुकटी डायमध्ये भरून दर चौरस सेंटीमीटरला साधारण ४ ते ७ टन जोराने दाबतात. भाग आकारात येतो, पण अजून कच्चा असतो. नुकत्याच वळलेल्या लाडवासारखा, हाताने मोडतो.

३. सिंटरिंग: हा कच्चा भाग भट्टीत तापवतात. लोखंडासाठी तापमान साधारण ११२० अंश सेल्सिअस असतं. लोखंड वितळतं १५३८ अंशांना, म्हणजे इथे ते वितळतच नाही.

न वितळता कण चिकटतात कसे?

फ्रीझरमध्ये बर्फाचे खडे बरेच दिवस ठेवले की ते एकमेकांना चिकटतात, बरोबर? बर्फ वितळलेला नसतो, तरीही. धातूतही तसंच होतं. उष्णतेमुळे अणू सरकू लागतात आणि दोन कण जिथे टेकलेले असतात तिथे धातूचा छोटा पूल तयार होतो. याला नेक म्हणतात. हा पूल जाड होत जातो तशी भागाची ताकद वाढते. कणांमधल्या फटी लहान आणि गोलसर होतात, पण सगळ्या बुजत नाहीत. सरांनी दाखवलेले काळे ठिपके म्हणजे याच उरलेल्या फटी.

छिद्रांमुळे ताकद का कमी होते?

भरीव लोखंडाची घनता दर घन सेंटीमीटरला ७.८७ ग्रॅम असते. साध्या सिंटर केलेल्या भागाची अनेकदा ७ च्या आसपास भरते. म्हणजे जवळपास ११ टक्के जागा रिकामी! भार घ्यायला धातूच कमी, हा पहिला तोटा.

दुसरा तोटा जास्त महत्त्वाचा. चिप्सचं पाकीट कडेला काप दिलेल्या जागेवरून पटकन फाटतं, कारण सगळा ताण त्या टोकाशी गोळा होतो. टोकदार छिद्राशीही तेच होतं आणि तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून असा भाग संथ, स्थिर भार बऱ्यापैकी सहन करतो, पण अचानक बसलेला दणका किंवा लाखो वेळा येणारा झटका त्याला झेपत नाही. आमचा गिअर रोज नीट चालत होता आणि एका धडकेत गेला, तो यामुळेच.

दाण्यांचा आकारही महत्त्वाचा

धातू आतून बारीक स्फटिकांचा, म्हणजे दाण्यांचा बनलेला असतो. धातू वाकतो तेव्हा त्यातले दोष सरकतात आणि दोन दाण्यांमधल्या सीमेवर अडतात. दाणे लहान असले की सीमा जास्त, म्हणून ताकद जास्त. भुकटीतून बारीक दाणे मिळवणं सोपं जातं. पण छिद्रं बुजवायला भाग भट्टीत जास्त वेळ ठेवला, तर दाणे वाढतात आणि ताकद पुन्हा घटू शकते. त्यामुळे तापमान आणि वेळ यांचा मेळ बसवणं हेच या कामातलं खरं कौशल्य.

मग छिद्रं घालवायची कशी?

• पावडर फोर्जिंग: सिंटर केलेला भाग गरम असतानाच पुन्हा जोरात दाबतात. अनेक कारच्या इंजिनातले कनेक्टिंग रॉड असे बनतात.

• एचआयपी: भट्टीतच चहूबाजूंनी आरगॉन वायूचा दाब देतात, साधारण हवेच्या दाबाच्या हजारपट. जेट इंजिनाच्या डिस्कसारख्या भागांसाठी ही पद्धत वापरतात.

• मेटल इंजेक्शन मोल्डिंग: २० मायक्रॉनपेक्षा बारीक भुकटी प्लास्टिक आणि मेणात कालवून साच्यात भरतात. नंतर प्लास्टिक-मेण काढून टाकतात आणि भाग भाजतात. भाग १५ ते २० टक्के आक्रसतो आणि घनता ९५ टक्क्यांच्या वर जाते. फोनमधले बारीक भाग बहुतेक याच पद्धतीचे.

छिद्रं कधी हवीशी असतात?

घरातल्या टेबल फॅनचा ब्राँझचा बुश आठवा. त्यात साधारण २० टक्के छिद्रं मुद्दाम ठेवतात आणि त्यात तेल भरतात. पंखा फिरून बुश तापला की तेल बाहेर येतं, थांबला की छिद्रं ते परत शोषून घेतात. म्हणून पंखा कुरकुरायला लागला तर शिलाई मशीनचं पातळ तेल घाला, खोबरेल नको. ते थंडीत गोठतं.

थोडक्यात, "स्टीलचं आहे" एवढ्यावरून ताकद कळत नाही. घनता किती, दाणे केवढे आणि काम कसलं, हे तिन्ही बघावं लागतं. पुढच्या वर्षी आम्ही रोबोटला भरीव स्टीलच्या सळईतून कापलेला गिअर लावला. दुकानदाराने आम्हाला फसवलं नव्हतं. दणके खाणाऱ्या जागी छिद्रांचा गिअर बसवला, ती चूक आमचीच होती.