तळटीप १४ : ४४३००१ ‘स्वयंभू नव्हे’
१४. ४४३००१ : बुलढाणा शहराचा पिनकोड. ‘स्वयंभू संख्या’ ही देवळालीचे गणितशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांची कल्पना. कोणत्याही पूर्ण संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, ती स्वयंभू. २१ ला जनक आहे (१५ + १ + ५). २० ला नाही, म्हणून २० स्वयंभू. ४४३००१ चा जनक एकच, ४४२९६८. त्याच्या अंकांची बेरीज ३३. ४४३००१ ही मूळ संख्याही नव्हे (३ × १३ × ३७ × ३०७). अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकर ‘हर्षद’ म्हणत. त्यातही ती बसत नाही, कारण बेरीज १२ आणि संख्या विषम. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाले. आरंभीचा ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांना समान आहे.