सुरतेची मुघलसराई

नवागामाहून महानगरपालिकेच्या मुख्य कचेरीत कामानिमित्त जाणाऱ्या आपल्या मराठी बांधवांस 'मुघलीसरा' हे नाव ठाऊक असते. परंतु ती कचेरी मुळात यात्रेकरूंची सराई होती, हे क्वचितच कोणाच्या ध्यानी येते. शहाजहानच्या राजवटीत, 1644 मध्ये, हकीकतखानाने ती बांधविली. सुरत हे त्या काळी मक्केच्या वाटेवरील प्रमुख बंदर होते आणि जहाज सुटेपर्यंत हाजींना निवारा लागे. शिवछत्रपती 1664 मध्ये सुरतेवर चालून आले, तेव्हा ही सराई अवघी वीस वर्षांची होती.

पुढे मुंबईने व्यापार ओढून नेला व बंदराची शान ओसरली. 1857 मध्ये सराईचा तुरुंग झाला. 1867 मध्ये तेथे नगरपालिका आली. मध्ये मोकळा चौक आणि सभोवार खोल्यांच्या रांगा, आपल्या देवळांतील ओवऱ्यांची आठवण व्हावी अशीच ही मांडणी. यात्रेकरू, कैदी आणि कारकून या तिघांनाही ती सोयीची पडली, याचे मोठे श्रेय मी त्या चौकालाच देतो.

वास्तूचा उपयोग पालटला म्हणजे दात्याचा संकल्प संपतो काय? धर्मशाळा सांभाळणाऱ्या महाजनांस या प्रश्नाचे मर्म सांगावयास नको. 2021 मध्ये राज्य वक्फ मंडळाने ही वास्तू वक्फ ठरविली. 2024 मध्ये वक्फ न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला.