१४. पोर्ट एलन
स्कॉटलंडच्या आयला बेटावरील ही डिस्टिलरी १८२५ मध्ये स्थापन झाली आणि १९८३ मध्ये बंद पडली. त्यानंतर पिंपांत मुरत राहिलेला जुना साठाच तेवढा थोडाथोडा विक्रीस येत गेल्याने रसिकांत तिच्या व्हिस्कीचे मोल वाढले. लेखकाच्या भेटीच्या वेळी शेजारच्या माल्टघरातून जो धूर निघत होता तो ‘पीट’चा, म्हणजे दलदलीत साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांतून कापून वाळवलेल्या इंधनाचा होय; मोड आणलेले सातू त्यावर वाळवताना धुरातील फिनॉल दाण्यांत मुरतात व पुढे मद्यात उतरतात. १९७३ मध्ये उभारलेले हे माल्टघर पुढेही चालूच राहिले, तर डिस्टिलरी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. —संपा.